डब्बा फेकू नका, आधी उघडा

‘मॅडम, हा डब्बा भंगारात द्या आणि नवीन घ्या.’

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात तीन दुकानांत ऐकलं. एकदा इथे कळव्यात, एकदा ठाणे स्टेशनजवळ आणि एकदा थेट लॅमिंग्टन रोडवर. दोन ठिकाणी तो डब्बा काउंटरवर समोर होता, तिसऱ्या ठिकाणी मोबाइलवर त्याचे फोटो होते. तिन्ही ठिकाणी बोलणाऱ्याने एक स्क्रूही काढला नाही. आत काय आहे ते विचारलं नाही, कशासाठी वापरायचा आहे तेही विचारलं नाही. वय विचारलं फक्त. ‘किती जुना? तेरा वर्षं? मग संपला.’

मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. पण कुणाची तपासणी न करताच निकाल सुनावला जातो तेव्हा शिक्षकाला राग येतो, आणि तो यावा. पेपर न उघडता नापास करण्याचाच हा प्रकार आहे.

आता हा डब्बा कुणाचा, ते सांगते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, आता कॉलेजात आहे. वडील रिक्षा चालवतात, घर पारसिकच्या उताराकडच्या वस्तीत. पोरीला चित्रकलेचा नाद लहानपणापासून. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तिने ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर पाहिलं आणि त्यातच अडकली. त्रिमिती चित्रं, ॲनिमेशन, सगळं त्यात करता येतं आणि ते फुकट आहे, चोरून मिळवावं लागत नाही. लातव्हियातल्या गिंट्स झिलबालोडिस या तरुण दिग्दर्शकाने ‘फ्लो’ हा मांजराचा सिनेमा याच ब्लेंडरमध्ये केला आणि २०२५च्या मार्चमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्याची अंतिम चित्रं मोठमोठ्या यंत्रांच्या ताफ्यावर नाही, स्वतःच्या पीसीवर तयार केली, असं तो सांगतो. ही गोष्ट त्या मुलीला तोंडपाठ आहे.

वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या एका बंद होणाऱ्या ऑफिसातून सात हजारांना कॉम्प्युटर आणला. इंटेल कोअर आय-५ ३४७०, म्हणजे तिसऱ्या पिढीचा २०१२चा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि जुना मॉनिटर. घरात मिठाई वाटली. ब्लेंडर टाकलं आणि ते उघडलंच नाही. तुमचं ग्राफिक्स कार्ड चालणार नाही, अशा अर्थाचा इंग्रजी निरोप आला आणि खिडकी बंद. पोरगी दोन दिवस काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी माझ्या दारात आली. ‘टीचर, शाळेतले कॉम्प्युटर तुम्हीच चालू करायच्या ना?’

करायचे, हे खरं आहे. उर्दूच्या शिक्षकाला ते करावंच लागतं. आमच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं इनपेजमध्ये बनत आल्या. १९९४ साली आलेल्या या सॉफ्टवेअरने उर्दूची नस्तालीक लिपी आपल्याकडच्या टेबलावर आणली, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांमधल्या फायली जपायच्या तर जुनं यंत्र जपावं लागतं. मराठीतल्या माझ्या मैत्रिणींचं श्रीलिपीतल्या फायलींचं दुखणं वेगळं नाही. त्यामुळे रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवणं, पंख्यातली धूळ ब्रशने काढणं, फुगलेला कपॅसिटर ओळखणं, हे सगळं मी डीएड-बीएडच्या बाहेर शिकले. शिकवणारे मिस्त्री होते. त्यांच्या दुकानाला पाटीसुद्धा नव्हती.

तर त्या डब्ब्याचं दुखणं काय होतं? फार साधं होतं. त्या प्रोसेसरच्या पोटातच एक छोटा ग्राफिक्सचा भाग आहे, एचडी ग्राफिक्स २५००. पडद्यावर चित्र काढण्यासाठी सॉफ्टवेअर आणि हा भाग एका ठरलेल्या भाषेत बोलतात, तिचं नाव ओपनजीएल. विंडोजवर या जुन्या भागाला ती भाषा ४.० पर्यंतच येते. ब्लेंडरला ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३च्या अखेरीपासून, ओपनजीएल ४.३ लागते. बाकी प्रोसेसर ठणठणीत, चारही कोर चालू. एक भाषा येत नाही एवढंच. ती भाषा येणारं कार्ड आत बसवायचं, आणि त्यासाठी मदरबोर्डवर लांबलचक पीसीआय एक्सप्रेस स्लॉट मोकळा पडलेला. दात दुखतो म्हणून कुणी माणूस दफन करत नाही.

पण दुकानात काय झालं? पहिल्याने नव्या पीसीचं कोटेशन दिलं, बावन्न हजार. दुसऱ्याने हप्त्यांचं गणित मांडलं. तिसरा माझ्याशी बोललाच नाही. माझ्याबरोबर आलेल्या माझ्या चौदा वर्षांच्या मुलाकडे बघून म्हणाला, ‘भाई, मम्मी को समझाओ, इसमें पैसा मत डालो.’ मुलाने निमूटपणे माझ्याकडे बोट दाखवलं. दुकानदार हसला, पण कोटेशन मुलाच्याच हातात दिलं.

नवा माल विकणं हा दुकानदाराचा धंदा आहे, त्यात मला राग नाही. पण ‘यात जीव नाही’ हा वैद्यकीय दाखला त्याने देऊ नये. दाखला द्यायचा तर आधी नाडी बघावी.

आम्ही काय केलं त्याचा हिशेब इथे मांडते, कारण या विषयावर लोक तावातावाने बोलतात आणि हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

सगळ्यात आधी कार्ड नाही, एसएमपीएस पाहिला. म्हणजे वीज वाटून देणारा तो पत्र्याचा खोका. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० छापलं होतं. बाजूच्या बारीक लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेसमोर १४ अँपिअर लिहिलेलं. प्रोसेसर आणि कार्ड यांना वीज मिळते ती मुख्यतः याच १२ व्होल्टच्या वाटेने. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. पुढचा ४५० हा आकडा शोभेचा. प्रोसेसरचे ७७ वॉट, कार्डाचे ७५ धरा, वर पंखे, डिस्क, बोर्ड. हिशेब बसत नाही. असा खोका तसाच ठेवून कार्ड बसवलं तर कॉम्प्युटर ऐन कामात बंद पडतो, कधी कधी जाताना बोर्डही घेऊन जातो. मग लोक म्हणतात, ‘बघा, जुन्या कॉम्प्युटरला कार्ड झेपत नाही.’ झेपलं नाही ते खोक्याला.

म्हणून चांगला एसएमपीएस घेतला, अडीच हजार. मग कार्ड. जुनं, वापरलेलं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, चार हजार आठशे. हे कार्ड २०१६ सालचं. ते ७५ वॉटच्या आत चालतं, आणि स्लॉट स्वतः ७५ वॉटपर्यंत देऊ शकतो, त्यामुळे याच्या अनेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी, सोळाशे. डीडीआर-३ची आणखी ८ जीबी रॅम, आठशे. मॉनिटरला फक्त जुना निळा व्हीजीए जोड होता आणि या कार्डावर तो नसतो, म्हणून एचडीएमआयवरून व्हीजीएवर नेणारा कन्व्हर्टर, साडेतीनशे. एकूण दहा हजार पन्नास. मूळचे सात हजार धरून सतरा हजार पन्नास. समोर बावन्न हजारांचं कोटेशन.

ब्लेंडर उघडलं. पहिल्या रात्री तिने एक कंदील बनवला, दुसऱ्या आठवड्यात कळव्याची खाडी आणि तिच्यावरून जाणारी लोकल. दहा सेकंदांचं ते चलचित्र तयार व्हायला रात्र गेली, पण सकाळी झालेलं होतं. तिच्या वडिलांनी ते रिक्षा स्टँडवर सगळ्यांना दाखवलं.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते आहेत आणि सगळेच खोटे नाहीत.

पहिला आक्षेप: जुना प्रोसेसर नव्या कार्डाला अडवतो. मुलं याला ‘बॉटलनेक’ म्हणतात. हे खरं आहे, पण कशासाठी वापरता यावर ते अवलंबून आहे. नवा भारी गेम सेकंदाला शंभर चित्रांच्या वेगाने पळवायचा असेल तर तेरा वर्षांचा प्रोसेसर धापा टाकणारच. त्यात तीस-चाळीस हजारांचं कार्ड बसवणं म्हणजे बैलगाडीला विमानाची चाकं लावणं, आणि तसं करणारी मुलंही मी पाहिली आहेत. पण जिथे जड काम कार्डच करतं, प्रोसेसर फक्त सामान पुरवतो, तिथे हा आक्षेप पुष्कळ पातळ होतो. प्रश्न ‘किती जुना’ हा नसून ‘कशासाठी’ हा आहे, आणि दुकानात नेमका तोच विचारला जात नाही.

दुसरा आक्षेप: बाजारात फसवणूक आहे. आहेच, आणि ती कार्डांत फार आहे. मी स्वतः २०२१ साली फसले. ‘दोन जीबी’ ऐकून घरच्यासाठी एक कार्ड घेतलं. तेव्हा क्रिप्टोच्या खाणकामामुळे कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते आणि कुठलंही मिळालं तरी नशीब वाटायचं. घरी आणल्यावर कळलं की मेमरी दोन जीबी असली तरी कासवाच्या गतीची आहे. विकणाऱ्याने सांगितलं नाही हे खरं, पण मी विचारलंही नाही, कारण काय विचारायचं ते माहीत नव्हतं.

आणि हे केवळ गल्लीतल्या दुकानदाराचं पाप समजू नका. मोठ्या कंपन्यांच्या नावांतही असेच खड्डे आहेत. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली वेगवान जीडीडीआर-५ मेमरी घेऊन आलं. २०१८ साली त्याच नावाने साध्या डीडीआर-४ मेमरीचा अवतार आला. सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवणाऱ्या मेमरीच्या जागी १६.८ जीबी हलवणारी, जवळपास एक तृतीयांश. नाव मात्र तेच. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी २०२२च्या जानेवारीत आलं, त्याला बोर्डाशी बोलायला चारच वाटा दिलेल्या. नव्या बोर्डात त्या पुरतात, जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याच चार वाटा अरुंद होतात आणि कार्ड मंदावतं. म्हणजे स्वस्त कार्ड घेणारा, ज्याच्याकडे जुना बोर्ड असण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमकं त्याच्याकडेच ते मार खातं. खोक्यावर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं.

त्याखाली चोरबाजार आहे. फार जुन्या कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर बदलून त्याला ‘१०५० टीआय’ म्हणायला शिकवतात. विंडोजसुद्धा तेच नाव दाखवतं. ओळखायचं कसं? मूळ १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघत नाही. तेव्हा पाठीमागे निळा व्हीजीए जोड दिसला की सावध व्हा. जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर दुकानातच चालवायला सांगा. पंधरा मिनिटं कार्डावर जड काम टाकून तापमान आणि पंख्याचा आवाज पाहा. वापरलेल्या कार्डावर सात दिवसांची तरी ‘टेस्टिंग’ मागा, आणि कागदावर मागा. इथेरियमचं खाणकाम सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं आणि अहोरात्र जुंपलेली कार्डं थव्याने बाजारात आली. ती सगळी वाईट नसतात, पण त्यांचे पंखे थकलेले असतात.

ब्रँडेड ऑफिस-डब्ब्यांचा वेगळा त्रास आहे. काही डब्बे इतके बारके की पूर्ण उंचीचं कार्ड आत मावत नाही, बुटक्या पट्टीचं ‘लो प्रोफाइल’ कार्डच लागतं. काहींत एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या आकाराचा, बाहेरचा बसत नाही. काहींचा जुना बायॉस नवं कार्ड ओळखत नाही, पडदा काळाच राहतो. अशा डब्ब्यात कार्डाचा हट्ट धरू नका. पण हे सगळं झाकण उघडल्यावर कळतं, वय विचारून कळत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी गंभीरपणे घेते. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. तिसऱ्या पिढीचं यंत्र त्या दारात उभंही राहू शकत नाही. वैयक्तिक वापरकर्त्याला नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील. ग्राहकांच्या दबावानंतर युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या लोकांना ही मुदत बिनशर्तीच्या जवळपास जाणाऱ्या पद्धतीने फुकट मिळाली. आपल्याला अटींसह. तिथल्या ग्राहकाने भांडण केलं, आपण दुकानदाराचं ऐकून डब्बा भंगारात दिला.

कार्डाचीही घटिका भरत आली आहे. १०५० टीआय ज्या पास्कल कुळातलं, त्याला एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या सुधारणा बंद केल्या. सुरक्षा-दुरुस्त्या मात्र ऑक्टोबर २०२८पर्यंत येणार आहेत. म्हणजे मी त्या मुलीला अमरपट्टा दिलेला नाही. तिला तीनेक वर्षं मिळाली, आणि पुढच्या ऑक्टोबरनंतर तिला लिनक्सवर जावं लागेल, तेही तिला सांगितलं आहे. लिनक्स मिंट टाकून आम्ही एकदा पाहिलंही, ब्लेंडर तिथे नीट चालतं. पण तीन वर्षं म्हणजे एक पदवी. पदवी होईस्तोवर हातात हुनर आलं तर पुढचं यंत्र ती स्वतःच्या पैशाने घेईल.

चौथा आक्षेप माझ्या एका सहकारी बाईंचा, आणि सर्वांत जास्त तोच लागला. त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्यांच्या मुलांना नवं आणि आपल्या मुलांना कायम जुगाड? तुम्ही ही सवय लावताय. गरिबाने जुन्यावरच भागवावं, हेच तुम्ही शिकवताय.’

मी त्या रात्री नीट झोपले नाही, कारण यात सत्य आहे. जुन्या वस्तूचं गुणगान बहुधा तेच करतात ज्यांच्या घरी नवी असते. उतरलेले कपडे, उतरलेली पुस्तकं, आणि आता उतरलेले कॉम्प्युटर. ‘चालतंय ना?’ हा प्रश्न गरिबालाच विचारला जातो. मुलांना चांगली यंत्रं देणं ही शाळेची आणि सरकारची जबाबदारी आहे, आणि माझ्या स्क्रूड्रायव्हरने ती माफ होत नाही.

तरी माझं उत्तर असं आहे. आज त्या मुलीपुढे नवं आणि जुनं असे दोन पर्याय नव्हतेच. जुनं यंत्र किंवा बावन्न हजारांचं कर्ज, हे दोन होते. आणि तिसरा, जो सर्वांत जास्त मुली निवडतात: काहीच नाही. शिवाय नव्याचे भाव कुठे चालले आहेत ते पाहा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची एवढी उचल केली की २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला मेमरीचा धंदाच बंद करण्याची घोषणा केली, कारण माल मोठ्या गिऱ्हाइकांना द्यायचा आहे. म्हणजे एकीकडे बाजार म्हणतो जुनं फेका, आणि दुसरीकडे नवं आपल्या हातून दूर नेतो. या कात्रीत सापडलेल्या घराला डब्बा उघडता येणं ही जुगाडाची सवय नाही. ती ताकद आहे. बाईंना मी हेच सांगितलं. त्यांना पूर्ण पटलं नाही, आणि पटावं असा माझा हट्टही नाही.

आता त्या भंगाराकडे पाहू, जिथे हे डब्बे पाठवायला सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद ठेवून नीट पुनर्वापरात गेला. उरलेला कुठे जातो हे आपल्याला अहवालाने सांगायची गरज नाही. धारावी, कुर्ला, साकीनाका इथल्या भंगाराच्या गाळ्यांत हात कुणाचे आहेत ते आपण जाणतो. त्यात आपल्याच वस्त्यांतली पोरं आहेत. वायर जाळून तांबं काढताना जो धूर निघतो तो ज्याने डब्बा फेकला त्याच्या घरात जात नाही. आमच्या घरात अन्न, पाणी, कापड वाया घालवलं की अम्मी एकच शब्द उच्चारायच्या: इस्राफ. उधळपट्टी. चालू प्रोसेसर, चालू बोर्ड, चालू रॅम भंगारात देण्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

कायदा काय म्हणतो? ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. कंपन्यांवर ठराविक प्रमाणात पुनर्वापर करून घेण्याची जबाबदारी आहे. नोंदणीकृत ‘रिफर्बिशर’ची, म्हणजे जुनं नीटनेटकं करून पुन्हा वापरात आणणाऱ्याचीही सोय त्यात आहे. पण त्या नोंदणीच्या चौकटीत पाटी नसलेला आमचा मिस्त्री कुठे आहे? ज्याने खोडरबर आणि सोल्डरिंगवर हजारो यंत्रं जगवली, तो हिशेबातच नाही. केंद्राने २०२२च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स हे क्षेत्र आहे. चांगली गोष्ट. पण दुरुस्तीचा हक्क पोर्टलवर असून भागत नाही, तो काउंटरवर मिळावा लागतो.

आणि शाळा? केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना २००४ सालची. वीस वर्षांत खोल्या भरल्या, यंत्रं आली, देखभालीचे करार आले आणि संपले. मी पाहिलेल्या एका शाळेत संगणक कक्षाला कुलूप होतं. आत एकवीस यंत्रं. कारण विचारलं तर ‘सगळी बंद आहेत’. एका सुट्टीत परवानगी काढून दोघींनी उघडून पाहिली. आठ यंत्रं निव्वळ रॅम पुसून आणि बोर्डावरचा सेल बदलून सुरू झाली. आठ! त्या सेलची किंमत चहा-वड्यापेक्षा जास्त नाही. तीन वर्षं मुली त्या कुलपासमोरून वर्गात जात होत्या.

केरळात काय केलं ते पाहा. २००१च्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून पुढे ‘काइट’ ही संस्था उभी राहिली. शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणलं. २०१८पासून ‘लिटिल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे क्लब आहेत, त्यात सरकारी शाळेतली मुलं ॲनिमेशन शिकतात आणि हार्डवेअरही शिकतात. तिथे जे सरकारी शाळेला जमतं ते महाराष्ट्रात न जमण्यासारखं काय आहे? आपण संगणक साक्षरता म्हणजे पत्र टाइप करणं आणि तक्ता भरणं एवढंच समजलो. डब्ब्याचं झाकण आपल्या अभ्यासक्रमाला परकं राहिलं.

म्हणून माझं म्हणणं तीनच गोष्टींत आहे.

एक, दुकानदारांनो, कोटेशनवर लिहून द्या. एसएमपीएसच्या १२ व्होल्टचे अँपिअर, कार्डाच्या मेमरीचा प्रकार, आणि माल नवा की वापरलेला. तीन ओळी आहेत. डाळीच्या पाकिटावर यापेक्षा जास्त लिहिलेलं असतं.

दोन, शाळांनी कुठलंही यंत्र निर्लेखित करण्याआधी ते उघडून काय चालू आहे आणि काय बंद, याची यादी करावी आणि त्या यादीवर सही असावी. वय हे कारण ग्राह्य धरू नये.

तीन, आठवी-नववीच्या मुलांना वर्षात एक तास झाकण उघडलेला कॉम्प्युटर दाखवावा. वीज बंद, प्लग काढलेला, हात कॅबिनेटच्या पत्र्याला लावून. हा प्रोसेसर, ही रॅम, हा स्लॉट, हा खोका आणि हे लेबल. मुलींना आधी.

आणि पालकांनो, तुम्हाला कुणी ‘डब्बा भंगारात द्या’ म्हणालं तर एवढंच म्हणा, ‘आधी उघडा.’ त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

मागच्या रविवारी ती मुलगी पुन्हा आली. बरोबर तिची एक मैत्रीण, आणि मैत्रिणीच्या हातात चादरीत गुंडाळलेला कॅबिनेट. यालाही दुकानात ‘संपला’ म्हणाले होते. मी उठायच्या आत तिनेच माझ्या ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला, प्लग काढला आहे का ते विचारलं, बाजूचं झाकण सरकवलं आणि टॉर्च धरून लेबल मोठ्याने वाचू लागली. ‘बारा व्होल्ट, अठरा अँपिअर. म्हणजे किती?’ तिने मैत्रिणीला विचारलं.

मैत्रीण बोटांवर गुणाकार करत होती. मी चहा ठेवायला आत गेले.